शेजारची चौकट

त्या दुपारी मी वॉर्डात गेले ती एवढंच बघायला, की भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरची अक्षरं दारातून वाचता येतात की नाही. काम किरकोळ होतं. निघताना आई म्हणाली होती, जातेच आहेस तर दादाची नखं काप. मला तेच काम जास्त अवघड वाटत होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तापाचं निमित्त झालं, तो झोपला आणि पुन्हा उठलाच नाही. श्वास चालू, बाकी काही नाही. अशाच न उठणाऱ्या माणसांचा तो वॉर्ड होता. इमारत संशोधन संस्थेची, त्यामुळे तिथे उपचार कमी आणि मोजमाप जास्त. प्रत्येकाच्या छातीला एक पट्टा, पट्ट्याची वायर उशामागच्या भिंतीत खोचलेली, आणि कॉटशेजारी हवेची उष्णता मोजणारी छोटी डबी. उजेडाने मोजमाप बिघडतं म्हणून खिडक्यांना जाड पडदे. भर दुपारी आत पाऊल टाकलं तरी दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं. स्पिरिटचा, रबराचा आणि फार दिवस न हललेल्या अंगांचा एक कोंदट वास नाकात बसायचा. आधी काहीच ऐकू यायचं नाही. मग एकेकाचा श्वास वेगळा कळायला लागायचा.

मी वेबसाइट बनवते. या लोकांना डॅशबोर्ड, म्हणजे सगळी मोजमापं एका पडद्यावर दाखवणारं पान, हवाय असं कळलं तेव्हा मी वॉर्डाच्या प्रमुख डॉक्टरबाईंच्या अगदी हात धुऊन मागे लागले. दादाजवळ बसायला मिळेल, आणि ‘तुला भावाचं काही पडलंय का’ हे आईचं वाक्य ऐकावं लागणार नाही, असा माझा दुहेरी हिशेब होता. आईचा सगळा जीव दादात. मीही तिच्याच पोटची आहे, याची तिला अधूनमधून आठवण करून द्यावी लागायची. तरी खरं सांगते, दादा उठावा असं मला तिच्याइतकंच वाटत होतं. लहानपणी आईचा मार चुकवायला मी त्याच्याच पाठीमागे लपत असे. त्याच्याशिवाय त्या घरात आईबरोबर एकटीने राहायची कल्पनासुद्धा मला सहन होत नव्हती.

तर तो डॅशबोर्ड. प्रत्येक पेशंटची एक चौकट, तिला आम्ही विजेट म्हणतो. चौकटीत श्वासाची रेघ हलत राहते, खाली उष्णता वगैरे आकडे. गंमत अशी, की ज्याला जशी हवी तशी मांडणी करता येते. चौकट बोटाने उचलायची, हवी तिथे नेऊन सोडायची. संशोधक मंडळी सगळी शहाणी, पण मांडणीवरून लहान पोरांसारखी भांडायची. एकाला आलेख जाड हवा, दुसरीला सगळं हिरवं हवं. शेवटी डॉक्टरबाईंनी ठणकावून सांगितलं की आपापल्या टेबलावर काय वाटेल तो गोंधळ घाला, भिंतीवरची मांडणी एकच राहील आणि तिला हात फक्त ही मुलगी लावेल. ही मुलगी म्हणजे मी.

आता चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. त्या उष्णतेच्या डब्या मधूनमधून बंद पडायच्या आणि आकड्यांत खड्डे पडायचे. डॉक्टरबाईंना खड्डे आवडायचे नाहीत. म्हणून मी एक सोय केली: एखाद्या चौकटीत आकडा आला नाही, तर तो शेजारच्या चौकटीतून घ्यायचा. शेजारच्या कॉटची हवा साधारण तीच असणार, यात कोणाचं काही बिघडत नाही. तेव्हा पडद्यावरची मांडणी वॉर्डातल्या कॉटांसारखीच होती, त्यामुळे शेजार कोणाचा, हे मी पडद्यावरूनच ठरवलं. आणि सगळ्या चौकटी एकाच साच्यातून काढलेल्या असल्याने ती सोय उष्णतेला लागली तशी श्वासालाही लागली. ते माझ्या ध्यानातच आलं नाही. या धंद्यात असं होतं. कोणाचा जीव जात नाही.

दादाच्या शेजारी पोस्टातल्या बाई होत्या. त्यांचं कोणीच यायचं नाही. त्यांचा श्वास अगदी ठरलेला होता: आत घेतला की जरा थबकायच्या, काहीतरी आठवल्यासारख्या, आणि मग सोडायच्या. एका सकाळी त्यांनी घेतला तो सोडलाच नाही. अक्षरं तपासायला त्या दुपारी मी पोचले तेव्हा त्यांना नेऊन झालं होतं. गादी उलटी टाकलेली होती आणि पट्टा गुंडाळून खुंटीला लावला होता.

भिंतीवर मात्र त्यांची चौकट श्वास घेत होती.

मला हसू आलं. शेजारच्या चौकटीतून भरतेय झालं, म्हणजे दादाचा श्वास त्यांच्या नावावर दिसतोय. मी लॅपटॉप उघडायला खाली बसले आणि सहज पुन्हा वर पाहिलं. ती दादाची रेघ नव्हती. रेघ वर जायची, थबकायची, मग खाली यायची.

मोठी सिस्टर औषधाची ट्रॉली घेऊन शेजारी उभी होती. तीसुद्धा वरच बघत होती.

“तुमच्या भावाची बघा,” ती हळूच म्हणाली.

दादाची रेघ निम्म्याने उतरली होती. मी कॉटकडे पाहिलं तर त्याचे ओठ शाईसारखे झालेले. म्हणजे हे नुसतं पडद्यावरचं नव्हतं. मी घाईघाईने पोस्टातल्या बाईंच्या चौकटीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर बोट ठेवलं आणि ती बंद करून टाकली.

दादाचा श्वास थांबला. रेघ सपाट झाली आणि छातीही. सिस्टर ट्रॉली तशीच सोडून धावली, कॉट भिंतीपासून ओढली, त्याची हनुवटी वर केली, छातीवर दाब द्यायला लागली. काही नाही... काही नाही... मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मी ती चौकट परत आणून होती तिथे ठेवली. तसा दादाने एवढा मोठा श्वास घेतला की सिस्टर मागे सरली.

डॉक्टरबाईंच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या हसतील किंवा मला घरी जाऊन झोप काढायला सांगतील. त्यांनी शांतपणे पेन खाली ठेवलं आणि विचारलं की भरायची सोयच बंद करून पाहिली का. मी म्हटलं, चौकट बंद केल्यावर काय झालं ते तुम्हाला सिस्टर सांगेल, आता मी कशालाच हात लावणार नाही. त्यांना माझं खरं वाटलं होतं, आणि त्याचं त्यांना काही वाईटही वाटलं नव्हतं. एखादं अवघड गणित समोर आल्यावर हुशार पोरीचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता.

“बंद करता येत नसेल, तर हलवता येईल,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“ते तुम्ही ठरवा. भिंतीची मांडणी तुमच्याकडे आहे.” त्यांनी पेन पुन्हा उचललं. “मला त्यातलं काही सांगू नका... फक्त नोंदी तुटू देऊ नका.”

मी पडद्यासमोर खुर्ची टाकून बसले. एकेक चौकट म्हणजे एकेक माणूस. कोपऱ्यात एक कोवळी पोर होती, तिचा बाप रोज येऊन पायाशी बसायचा. एक बाई होती, तिची मुलं काचेवर नाक दाबून बघायची. आणि शिंपीकाका होते. पिकलं पान, डोळ्यांवर सायीसारखा पडदा आलेला. त्यांची बायको, म्हणजे काकू, रोज येऊन त्यांचे केस विंचरायची, कॉलर सारखी करायची आणि दिवसभराच्या गावगप्पा कानात सांगायची. मूलबाळ नव्हतं. हीच काकू माझ्याशीही गोड बोलायची, येता-जाता पाठीवरून हात फिरवायची. माझ्या आईने कधी फिरवला नव्हता.

मी काकांना निवडलं. कोणाला तरी निवडायचंच होतं आणि त्यांचं जगून झालं होतं. उगीच डोळे पुसत बसले नाही. पोस्टातल्या बाईंची चौकट उचलली आणि काकांच्या पलीकडे नेऊन सोडली. मधली जागा मोकळी राहू नये म्हणून बाकीच्या चौकटी आपोआप सरकून घेतात. तशी काकांची चौकट सरकली आणि दादाला येऊन चिकटली. आता काका दोघांच्या मधे होते. मी दादाच्या रेघेकडे बघत होते. ती चढायला लागली होती, आणि मला तेवढं पुरे होतं.

त्यानंतरच्या दुपारी मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. दादाच्या गालांवर रंग चढत गेला. काका वाळत गेले, रोज थोडे थोडे. काकू त्यांच्या छातीला कान लावून बसायची आणि मग माझ्याकडे बघून म्हणायची की तुझ्या दादाचं बघून बरं वाटतं गं, या वॉर्डात कोणाचं तरी चांगलं होतंय. मी मान हलवायचे. एकदा तिने विचारलं की त्या पडद्यावर यांच्यासाठी काही करता येईल का, तुला एवढं सगळं येतं. मी म्हटलं, काकू, तो नुसता दाखवायला असतो.

काका गेले त्याच दुपारी दादाने डोळे उघडले. काकू रडायची सोडून आईच्या गळ्यात पडली आणि तिचं अभिनंदन केलं. आईला तिच्याकडे बघायला सवड नव्हती.

भिंतीवर काकांची रेघ हलतच होती. माझ्या दृष्टीने काम संपलं होतं. दादाला घरी न्यायचा दिवस आला. मोठी सिस्टर त्याच्या छातीचा पट्टा सोडायला आली, वायर ओढत ओढत उशामागे गेली आणि वाकून तिथेच थांबली. मी जाऊन पाहिलं. वायरचं टोक भिंतीत नव्हतंच. ते कॉटच्या मागे लोंबत होतं. त्याच्यावर धूळ बसली होती आणि एका कोळ्याने जाळंही विणलं होतं.

“हे त्या दिवशी निघालं असणार... मी कॉट ओढली तेव्हा,” सिस्टर कुजबुजली. “मग इतके दिवस वर काय दिसत होतं?”

मला ते कळलं होतं. ज्याच्याकडून आकडा येत नाही त्याची चौकट शेजाऱ्याकडून भरायची, हे मीच त्या चौकटींना शिकवलं होतं. दादाचा श्वास त्या दिवशी थांबला तो थांबलाच होता. त्यानंतर तो आधी पोस्टातल्या बाईंचा आणि मग काकांचा होता. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि पट्टा तिथेच टाकून निघून गेली. ती पुन्हा त्या वॉर्डात कामाला आली नाही.

दादा स्वतःच्या पायांनी जिना उतरला. बाहेर ऊन होतं. आई त्याचा हात धरून चालली होती आणि दर चार पावलांनी दम घ्यायला थांबत होती.

घरी तो पहिल्यासारखाच वागायचा. जेवायचा, पेपर वाचायचा, मला जुन्या नावाने चिडवायचा. फक्त एकटा बसायचा नाही. मी खुर्ची हलवली की तोही हलवायचा. आई रिकामी दिसली की तिच्या खांद्याला खांदा लावून बसायचा, आणि आई उन्हात ठेवलेल्या भाजीसारखी मलूल व्हायची. महिनाभर मी ते पाहिलं. मग एका दुपारी तो अंघोळीला गेलेला बघून आईला सगळं सांगितलं. पट्टा, वायर, काका, सगळं. आई शर्टाला बटण शिवत होती. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तो घरी आला त्याच दिवशी कळलं. आईला कळतं.”

“मग त्याच्याजवळ बसू नकोस.”

“मी नाही बसले, तर तू बसशील?”

मी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. तिने दाताने दोरा तोडला.

“तेच म्हणते मी,” आई म्हणाली. “तू तुझी खोली सांभाळ.”

त्यानंतर ती त्याच्यापासून हललीच नाही. शेवटी शेवटी तिला घास गिळायलाही श्वास पुरत नव्हता, तरी तिने त्याचा हात सोडला नाही. मला जवळ बोलावलं नाही. मी दारात उभी राहून बघत होते. मला तिचा राग आला होता, आणि अजूनही आहे. तिने माझ्यासाठी असं कधी काही केलं असतं का, हा एकच विचार मी तेव्हा करत होते.

आईला पोचवून आलो त्या दिवसापासून तिच्या खोलीतून श्वास ऐकू येतो. दार उघडलं की कॉटवर चादर ताणून घातलेली, माणूस कोणी नाही. दार लावलं की पुन्हा सुरू. आमच्या घरात तीन खोल्या ओळीने आहेत. अलीकडे दादाची, पलीकडे आईची, आणि मधे माझी.

चार पायऱ्या चढले तरी मला धाप लागायला लागली. ओठ आरशात बघवेनात. तेव्हा मला काकूची आठवण झाली. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहत होती. मी तिला घरी राहायला बोलावलं. म्हटलं, घर खायला उठतं, तुम्ही आलात तर मला आईसारखा आधार होईल. काकूचे डोळे भरून आले. एवढ्या मायेने कोणी विचारत नाही गं, म्हणाली, आणि आपलं गाठोडं घेऊन आली. मी तिला मधली खोली दिली आणि माझी कॉट हॉलमध्ये टाकली.

मला आठवड्यात बरं वाटायला लागलं. काकू उतरत गेली. ती कुरकुर करणारी बाईच नव्हती. वयोमान झालं म्हणायची आणि भिंतीला धरून चालायची. दादा तिच्याशी फार गोड बोलायचा. मीही गोडच बोलत होते.

आज सकाळी उजाडल्यावर मला जाग आली तर काकूचं अंथरूण माझ्या कॉटच्या शेजारी जमिनीवर होतं. ती कुशीवर वळून, डोळे मिटून पडली होती.

“काकू,” मी म्हटलं, “इथे का आलात?”

“तुझ्या आईने पाठवलं...” ती डोळे न उघडताच म्हणाली. “म्हणाली, माझ्या लेकाचं मी बघते... तू आता मुलीशेजारी जा.”

मी खाली वाकून तिच्या हाताला हात लावला. तो गार होता. कोपरापर्यंत लाकडासारखा ताठ झाला होता. तिने श्वास आत घेतला, आणि सोडायला फार वेळ लावला.

मी उठून कॉट भिंतीपर्यंत ओढून नेली. फरशीवरून काहीतरी घासल्यासारखा आवाज आला म्हणून मागे वळून पाहिलं. काकू तशीच निजलेली होती, कूससुद्धा बदललेली नव्हती. तिचं अंथरूण तेवढंच पुढे सरकून पुन्हा माझ्या कॉटला लागलं होतं.